घर नंबर एकोणीस

"इथं घर होतं, याला पुरावा काय?" बुटाला चिकटलेला गाळ दगडावर खरवडत पुनर्वसन खात्याच्या साहेबांनी विचारलं.

मे महिन्यातलं टळटळीत ऊन होतं. डिंभे धरणाचं पाणी तळाला गेलं होतं आणि बुडालेली पिंपळदरी पुन्हा उघडी पडली होती. घरांची जोती, देवळाच्या पायऱ्या, तडकलेला गाळ. पाखराचासुद्धा आवाज नाही. विस्थापितांच्या यादीतून सुटलेल्या अकरा घरांची माणसं आपापल्या जोत्यावर उभी होती, आत्ताच दार उघडून बाहेर आल्यासारखी.

"पुरावा मी देते," इंद्रायणीबाई म्हणाल्या.

बाई नारायणगावच्या. सोळाव्या वर्षी तमाशाच्या फडात उभ्या राहिल्या, पुढं सिनेमात गेल्या. तिथं वाट्याला आल्या त्या रडणाऱ्या आया. सत्तावीस सिनेमांत त्या लेकांच्या प्रेतांवर रडल्या. एकदा शूटिंगला इथं आल्या, तेव्हा घर सोडून निघालेली कुशाबाई त्यांचं रडणं बघत उभी होती.

"लई भारी रडता बाई," ती म्हणाली. "आमाला तर येतच न्हाई."

बाई मुंबईला परतल्याच नाहीत. नऊ वर्षं मोर्चे काढले, उपोषणं केली, कचेरीपुढं पथनाट्यं केली. पथनाट्यात त्या कुशाबाईच व्हायच्या, आणि खरी कुशाबाई पुढं बसून पदराआड खुदखुदायची. गेल्या थंडीत ती गेली. मागं उरला मुलगा गेणू. त्याच्याजवळ कागदाचा कपटाही नव्हता.

बाईंचा बेत साधा होता. कुशाबाई होऊन घर दाखवायचं, साहेबांचं मन वळवायचं. त्या जोत्यावर चढल्या, पदर खोचला, कमरेत वाकल्या.

"या सायेब. हितं माजी चूल व्हती. हितं माजा गेणू जल्मला."

पाठ केलेलं संपलं. थांबायला हवं होतं. पण तोंड थांबेना.

"गेण्या, बगतो काय? उंबऱ्याखाली खण. पाणी चढाया लागलं तवा दाराची पाटी म्या हितं पुरलीय."

हे कुठल्याच नाटकात नव्हतं. शब्द बाईंच्या तोंडून येत होते, पण घसा आतून गार पडला होता. शेजारच्या जोत्यावरच्या अंजनानं हात जोडले. आईशिवाय कुणी गेणूला गेण्या म्हणत नसे.

गेणूनं हातांनीच गाळ उपसला. वीतभर खाली पत्रा लागला. ग्रामपंचायतीची पाटी. गंजली होती, तरी वाचता येत होती: पिंपळदरी, घर नंबर एकोणीस.

पाटीला हात न लावता साहेबांनी गेणूचं नाव लिहून घेतलं. त्या नंबरावरून गावची जुनी नोंदवही शोधली गेली आणि बाकीची दहा घरंही यादीत आली.

पण त्या दुपारी परतताना गेणूनं हळूच विचारलं, "बाई, आईनं तुमाला पाटीचं कवा सांगितलं?"

"दिवाळीत," बाई म्हणाल्या.

गेणूनं नुसती मान हलवली. दिवाळीच्या आधीच कुशाबाईची वाचा गेली होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आठवड्यानं अंजना बाईंच्या दारात आली. "बाई, माज्या गेलेल्या मालकाला बी बोलवा की. एकडावच."

"अगं, मी नटी आहे. देवरुषीण नाही."

अंजना हलेना. शेवटी बाईंनीच दार लोटून घेतलं.

त्यानंतर बाईंनी पथनाट्य केलं नाही. अर्ज लिहिले, बैठका घेतल्या, साहेबांशी भांडल्या, पण स्वतःच्याच तोंडानं. फडाचं बोलावणं आलं, सिनेमाचंही आलं. त्यांनी नाही सांगितलं. तोंडाला रंग लावला की आत कोण येईल, याचा भरवसा राहिला नव्हता.

दोन वर्षांनी गेणूला जमीन मिळाली. त्यानं दोन खोल्या बांधल्या आणि वास्तुशांतीला बाईंना बोलावलं.

"आई, आत ये," तो दारातून म्हणाला आणि ओशाळला.

बाई अंगणातच थबकल्या. आपल्या आतून कोणी ओ देतंय का, याची त्यांनी क्षणभर वाट पाहिली.

कोणीच दिली नाही.

"आले रे," त्या आपल्या आवाजात म्हणाल्या आणि चपला काढून, वाकून आत गेल्या.