टेम्पोवरचं लेझीम

लखनौच्या ‘वृंदावन योजना’ या वसाहतीतली आपली मराठी मंडळी हुशार आहेत, हे आधीच मान्य करून टाकू. कुणी रेल्वेत इंजिनियर, कुणी हवाई दलात, कुणी केंद्र सरकारच्या कचेरीत. त्यांची मुलं त्यांच्याहून हुशार. फक्त ती चालत नाहीत. खाली उतरायला लिफ्ट, शाळेला बस आणि पुढच्याच गल्लीतल्या कोचिंगला पप्पांची गाडी.

रेल्वेतले जयसिंग घोरपडे या मंडळींचे पुढारी आणि सोसायटीच्या गणपतीचे अध्यक्ष. इथल्या लोकांना आपली संस्कृती दिसली पाहिजे, म्हणून यंदा विसर्जनाच्या मिरवणुकीत मुलांचं लेझीम ठेवायचं त्यांनी ठरवलं. सामान थेट पुण्याहून आलं, फेटे आले, ढोलवाला ठरला. सरावाला मात्र मुलं पाच मिनिटांत खाली बसली. सगळ्यात आधी बसला तो जयसिंगरावांचाच अकरा वर्षांचा अमोघ.

दुसऱ्या कुणाला काळजी वाटली असती. जयसिंगरावांना युक्ती सुचली. सजवलेल्या टेम्पोवर मुलांना उभं करायचं, त्यांनी जागच्या जागी हात हलवायचे, आवाज स्पीकरवर लावायचा. पालकांनी टाळ्या वाजवल्या. व्हिडिओ छान येईल, ऊनही लागणार नाही, यावर एकमत झालं. लेझीम पायांनी खेळतात, हे त्या शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकालाही आठवलं नाही!

अमोघचं तोंड उतरलं. गणपतीपुढे रस्त्यावरून खेळत जायचं, या एका गोष्टीसाठी तो महिनाभर हुरळून गेला होता. गौरींसाठी सांगलीकडच्या गावाहून आलेल्या आत्याला त्याने जेवताना सांगितलं, "आत्या, मुझे टेम्पो पे नहीं चढ़ना. चलके जाना है."

ही आत्या म्हणजे विजयाताई, गावच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका. त्यांनी भावाला जाब विचारला, तेव्हा त्याने ठेवणीतलं उत्तर काढलं. शहरात पोरांना जागा कुठे, वेळ कुठे? गावाकडची पोरं बघ कशी काटक असतात. हे ऐकून विजयाताई भडकल्याच.

"कुठलं गाव, जयसिंग? माझी पोरं दोन शेतांपलीकडून बापाच्या मोटारसायकलवर शाळेत येतात. मैदानावर लग्नाचा हॉल झालाय. मधल्या सुट्टीत ओट्यावर बसून मोबाइल बघतात. तुम्ही शहराला नावं ठेवता आणि आम्ही तुमचीच नक्कल करतो."

"अगं, पण अमोघला दम लागतो. काही झालं म्हणजे?"

"लागतोच. कारण आजवर तू तो कधी लागूच दिला नाहीस."

जयसिंगरावांना हे झोंबलं. दुसऱ्या दिवशी सरावाला ते स्वतः उतरले. आमच्या वेळी आम्ही आख्खं गाव घुमवायचो, असं सगळ्यांना ऐकवून त्यांनी लेझीम हातात घेतलं. पहिली फेरी बरी झाली. दुसरीत त्यांना दम लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि अध्यक्षमहाराज फुटपाथच्या कडेला बसले. मंडळी पुढे धावली नाहीत. दोघांनी तर मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं.

धावला तो अमोघ. पाण्याची बाटली घेऊन येईपर्यंत त्यालाच इतकी धाप लागली, की बापलेक शेजारी शेजारी बसून धापा टाकत राहिले. थोड्या वेळाने त्याने घाबरून विचारलं, "पप्पा, मेरे को भी ऐसा ही होता है. हम दोनों बीमार हैं क्या?"

जयसिंगरावांनी बाटली खाली ठेवली. "नाही रे," ते कसंबसं म्हणाले, "आजारी नाही. मीच तुला बसवून ठेवलं."

टेम्पो रद्द झाला. पालकांनी कुरकुर केली. त्यांच्याकडून दुसरी अपेक्षाही नव्हती. रोज संध्याकाळी बापलेक पायी बाहेर पडू लागले आणि कोचिंगची वेळ पुढे गेली. विसर्जनाच्या दिवशी अमोघ काही पहिल्या रांगेत टिकला नाही. वाटेत बसला, उठला, पुन्हा बसला. मिरवणूक विसर्जनाच्या कुंडापाशी पोचली तेव्हा तो सगळ्यात मागे होता, घामाने निथळत, पण स्वतःच्या पायांवर. मागून काही पालक एसी लावून गाड्या हळूहळू आणत होते, मुलं थकलीच तर असाव्यात म्हणून. त्यांच्या डोक्यात अजून प्रकाश पडलेला नाही.

तेव्हा नागरिकहो, गाव असो की शहर, जागा नाही आणि वेळ नाही हे रडगाणं आता पुरे. मुलांचं अंग खेळून, पडून, दमूनच घडतं. आपण मात्र त्यांना लाडाने पांगळं करतो आणि वर त्याला माया म्हणतो. उद्या तुमचं मूल "मी चालत जाऊ?" असं विचारेल, तेव्हा कृपा करून गाडीची किल्ली शोधू नका.