देवी थांबली तेव्हा

"डोळं पूस गं बाये, मंग उगार खड्ग..."

सावळेराम लहानपणी आईच्या मांडीला डोकं टेकून पेंगायचा, तेव्हा जात्याच्या घरघरीतून हा आवाज यायचा. धोंडाबाई दळता दळता देवीचं युद्ध गायची.

अंबा माझी रणी उभी, खड्ग उगारून थांबली
डोळ्यांतली लाल आग आधी पदरानं पुसली

"थांबली कशाला? मारायचं की!" तो डोळे मिटूनच म्हणायचा.

"रागानं मारलं तर ते भांडण, राजा. देवी काय बांधावर भांडायला आलीय व्हय?"

गावातल्या सोंगांतही देवी तशीच थांबायची. चैत्राच्या यात्रेत, भीमाशंकराच्या डोंगरावर ऊन फुटायला लागलं की म्हैसासुर गुडघ्यावर यायचा. देवीनं खड्ग उगारायचं आणि श्वास निवळेपर्यंत पुतळ्यासारखं उभं राहायचं. बारा वर्षं सावळेराम देवी होत आला होता.

आज मात्र त्याचा श्वास निवळत नव्हता.

तीन वर्षांमागं प्लेगाच्या साथीत धोंडाबाईच्या काखेत गाठ आली. घरात ती लपवून ठेवली होती, तरी सरकारी माणसं थेट दारात आली. तिला डोलीत घालून जुन्नरबाहेर रोग्यांसाठी बांधलेल्या झोपड्यांत नेलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. सरकारी माणसं आली त्या सकाळी गावातला चिमाजी दूध घालायला चावडीवर गेलेला कुणीतरी पाहिला होता. गावानं ठरवून टाकलं, त्यानंच सांगितलं. तेव्हापासून त्याच्या दारात कुणी जाईना, त्याच्या बायकोला विहिरीवर घागर बुडवू देईनात.

सावळेराम काही बोलला नाही. गाव म्हणालं, किती सोसतंय बिचारं!

म्हैसासुराचं सोंग चिमाजीच्या घराण्याचं. माणूस वाळीत टाकला तरी देवाचं काम कोण मोडणार? म्हणून आज तो समोर होता. भल्या पहाटे देवीचं लुगडं नेसवताना धाकट्या संपतनं दादाच्या कानात सांगितलं होतं, "दादा, खैराचं खड्ग हाय. एक खांद्यावर घाल सपाटून. आयला बरं वाटंल."

म्हैसासुर गुडघ्यावर आला. सावळेरामनं खड्ग उगारलं. ताशेवाल्या वजीरनं ताशा बारीक धरला. पांगाऱ्याच्या लाकडी मुखवट्याआड घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला पदर आत पोचत नव्हता.

"घाल दादा!" संपत ओरडला. मागून दहा गळे उठले, "घाल! घाल!"

वेळ लांबला. वजीरचं मनगट भरून आलं. "अंबाबाई, आटपा की! न्हाईतर दैत्याआधी मीच पडतो." लोक हसले.

त्या हसण्याखाली चिमाजीचा आवाज आला, म्हशीच्या मुखवट्यातून, फक्त त्यालाच ऐकू जाईल असा.

"सावळ्या, मार. जोरात मार. हाड मोडलं तरी चालंल. एकदा गावाचा राग निवला म्हंजी माझी साळू विहिरीवर जाईल तरी."

"आन् तू?" सावळेराम कुजबुजला. देवीनं बोलायचं नसतं, हे तो विसरला.

"माझं काय राव. मी न्हाई सांगितलं, ह्ये मला म्हाईत हाय. तेवढं पुरंल."

सावळेरामनं खड्गाची मूठ आवळली. संताप होता, पण तो चिमाजीवर नव्हता, कधीच नव्हता. डोलीत घालताना आई मान वळवून त्याच्याकडंच बघत होती. तिला ठाऊक होतं का, हे त्याला तीन वर्षं कळलं नव्हतं. आज गावानं हा राग चिमाजीच्या खांद्यावर उतरवला असता आणि सावळेराम मोकळा झाला असता. फार सोपं होतं. एक घाव.

त्यानं श्वास घेतला. अर्ध्यातच अडकला. पुन्हा घेतला. तिसरा निवळला. ताशा थांबला, वजीरला वाटलं आता घाव पडणार.

सावळेरामनं खड्ग खाली ठेवलं आणि मुखवटा उतरवला. बायका किंचाळल्या, म्हैसासुर पडायच्या आत देवीचं तोंड उघडं पडणं हा मोठा अपशकुन.

"दादा, याड लागलं का!" संपत धावत पुढं आला.

"थांब संपत. समदी ऐका." त्याच्या गालांवरून कुंकू ओघळत होतं. "चिमाजी चावडीवर गेला तो दूध घालाया. आयची गाठ मी सांगितली. घरात माझी म्हैन्याची पोर व्हती, तिला जपाया सांगितली. पन सांगितली मीच."