माझ्या पोटातली राख

मित्रांनो, तुम्ही खुशाल बसा. मला बसायला सांगू नका, ते मला येत नाही. तौफेन गावातल्या एका कारखान्यात प्लास्टिकचे पातळ पडदे बनवणारं यंत्र आहे मी, आता म्हातारं झालेलं. वय झालं की जीव निवांत होतो म्हणतात. माझा झाला नाही. माझ्या पोटात स्टीलचा एक मोठा ढोल आहे आणि काम चालू असताना तो क्षणभर जरी थांबला, तरी एकाच जागी थर साचून सगळा पडदा वाया जातो. ज्याला जन्मापासून थांबायची बंदी, त्याला शांतपणे गोष्ट कशी सांगता येणार? सांगतो तशी ऐका.

माझं पोट काओशुंगच्या बंदरात तयार झालं. तिथे जहाजं जोडणाऱ्या वेल्डरांनी जाड पत्रे वाकवून ते जोडलं. जोडावर सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं असतं तरी मी जन्मतःच मेलो असतो, कारण माझा सगळा धंदा पोट रिकामं ठेवण्याचा. माणसं पोट भरण्यासाठी राबतात, मी उपाशी राहिलो तरच काम होतं. आतली हवासुद्धा पंपाने ओढून काढतात. ढोल ताइचुंग शहरातल्या कारागिरांनी घासला, इतका की त्यात त्यांना आपल्या दाढीचे खुंट दिसायला लागले. मग मला लॉरीवर बांधून तौफेनला आणलं आणि कारखान्याचे मालक फानसाहेब माझ्या अंगावर थाप मारून म्हणाले, "आला आमचा वाघ."

आता माझं काम ऐका, ते नीट कळलं तरच पुढचं कळेल. थंडीत तुम्ही आरशावर तोंडाची वाफ सोडता तेव्हा काचेवर दव बसतं ना? माझ्या पोटात तेच चालतं. एक पातळ रसायन तापलेल्या भिंतीवर थेंबाथेंबाने पडतं, त्याची वाफ होते आणि ती गार ढोलावर दवासारखी बसते. लगेच त्या दवावर इलेक्ट्रॉनचा मारा होतो आणि ते कडक होऊन प्लास्टिक बनतं. ढोल पुढे सरकतो, त्यावर ॲल्युमिनियमची वाफ बसते. ढोल पुढे. पुन्हा दव, पुन्हा मारा, पुन्हा ॲल्युमिनियम. असे हजारो थर. तुमच्या एका केसाच्या जाडीत यातले शंभरावर थर मावतील. शेवटी तो पडदा ढोलावरून सोलतात, दाबून सपाट करतात आणि तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे पाडतात. त्या तुकड्याला कपॅसिटर म्हणतात. तो विजेचा एक घोट तोंडात धरून ठेवतो आणि वेळेला सोडतो. तुमची विजेवरची स्कूटर अशा दाण्यांच्या जिवावर धावते.

या पडद्याचा एक गुण मला फार आवडतो. वीज सोडल्यावर एखाद्या थरात बारीक भोक निघालं, तर त्याच्या भोवतीचं ॲल्युमिनियम क्षणात जळून जातं आणि ती जागा आपोआप बंद होते. आपली जखम आपणच डागून घेतो तो. पण ढोलावर आधीच एखादा कण बसलेला असेल, तर पहिला थर त्या उंचवट्यासकट बसतो. दुसराही तसाच, तिसराही तसाच. हजार थर चढवा, तो फोड वरपर्यंत येतोच. झाकलं म्हणजे गेलं, हे माणसांत चालत असेल. माझ्या पोटात चालत नाही.

म्हणून दर खेपेनंतर माझं दार उघडून आतून पुसावं लागतं. हे काम व्हिएतनामहून आलेली थुई करायची. सगळे तिला आ-थुई म्हणत. आमच्या पाळीची प्रमुख होती स्यूचिनताई, तौफेनचीच, हाक्का समाजातली बाई, पन्नाशीची, तोंडाने फटकळ. दोघींचं सतत काहीतरी चाललेलं असायचं.

"आ-थुई, किती घासशील? ढोलाचा रंग जाईल."

"ताई, स्टीलला कुठला रंग?"

"तुझा नवरा सुखात राहील हो, घर असं चकचकीत ठेवलंस तर."

"घर ठेवते मी. नवरा तुम्ही शोधा."

"आमच्या तौफेनातले पुरुष? त्यांच्यापेक्षा हा ढोल बरा, निदान सांगितल्यावर फिरतो तरी."

आ-थुईला माझ्याजवळ यंत्रचालकाची जागा मिळायची होती. साफसफाईवरून चालक, म्हणजे तिला या देशात पुढेही राहता आलं असतं. सही तेवढी मालकांची बाकी होती.

ते दिवस माझ्या मानाचे होते. पाहुणे यायचे, काचेच्या खिडकीतून मला बघायचे, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. माझ्या डोक्यावर खाऊची एक हिरवी पुडी कायम ठेवलेली असायची, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून. पुडी हिरवीच हवी आणि मुदत संपायच्या आत बदलायला हवी. हे आमच्याकडे इंजिनियरसुद्धा पाळतात. मला त्याचं काही वाटत नाही. पुडी बंद असते, कण सांडत नाही.

मग आमच्या पंचांगातला सातवा महिना आला. या महिन्यात अतृप्त आत्मे मोकळे फिरतात. त्यांना भूत म्हणायचं नाही, 'भाऊमंडळी' म्हणायचं, आणि त्यांच्याबद्दल एक शब्दही वावगा काढायचा नाही. त्यांच्या नैवेद्यासाठी कारखान्याच्या अंगणात टेबलं मांडली. अख्खी कोंबडी, मासा, डुकराचं मांस, फळं, बियरचे डबे, बिस्किटं. काम तसंही थांबलं होतं, तेव्हा मालकांनी माझं दारही उघडून ठेवायला सांगितलं. त्याच वेळात सफाई उरकेल आणि संध्याकाळी पंप सुरू होईल. आ-थुईने मला आतून लख्ख पुसलं आणि मग मालकांनी फळांच्या पाट्या उचलायला तिला अंगणात पाठवलं.

ती गेली आणि मालक पेटती उदबत्ती हातात घेऊन आत आले. मागे इंजिनियर त्सेंगसाहेब आणि स्यूचिनताई.

"गेल्या वर्षी याला उदबत्ती दाखवली नाही आणि पंप बसला," मालक म्हणाले. "यंदा तशी चूक नको."

"मालक, दार उघडं आहे त्याचं," स्यूचिनताई म्हणाली. "बंद करू का आधी?"

"दार लावलेल्या घरात कोण येतं गं आशीर्वाद द्यायला?"

ताई गप्प बसली. त्सेंगसाहेब आधीपासूनच गप्प होते, त्याचा त्यांना पगार मिळत होता. मालकांनी दोन्ही हातांत उदबत्ती धरली आणि माझ्या उघड्या तोंडासमोर कंबरेतून तीनदा वाकले. प्रत्येक वाकण्याला उदबत्तीचं टोक माझ्या पोटात शिरलं आणि राख आत पडली. धूर भिंतीला चिकटला. मग मुहूर्त चांगला आहे म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने दार लावलं. मी ओरडलो असतो. पण मला तोंड दिलंय ते फक्त उघडायला आणि मिटायला.

त्या खेपेचे कपॅसिटर तपासणीच्या खोलीत गेले आणि वीज सोडताच तडतडायला लागले, चुलीत मीठ टाकावं तसे. सगळा माल टाकून दिला. ढोल पुन्हा पुसला, पुन्हा खेप काढली, पुन्हा तेच. राख कोपऱ्यातल्या पत्र्यांमागे दडली होती. हवा आत सोडली की ती उडायची आणि ढोलावर येऊन बसायची. मी फिरत होतो आणि प्रत्येक फेरीला तोच फोड वर चढताना मला जाणवत होता. मित्रांनो, खरं माहीत असून बोलता येत नाही, तेव्हा फिरत राहण्यासारखी शिक्षा नाही.

मालकांनी आ-थुईला माझ्यासमोरच उभं केलं.

त्सेंगसाहेबांनी विचारलं, "आदल्या दिवशी काय खाल्लं होतंस? तळलेलं काही? तुमच्याकडे सगळं तेलात आणि मासळीच्या पाण्यात असतं. हाताला लागलं असणार."

"मी हातमोजे घालते. एकावर एक दोन."

"मग केस पडला असेल. क्रीम लावतेस ना तोंडाला?"

"ती टोपी, तो मास्क, डोळे तेवढे दिसतात माझे. डोळ्यांतून काय सांडणार?"

"उलट बोलू नकोस," मालक म्हणाले. "ढोल कोण पुसतं?"

"मी."

"मग झालं."

एवढाच तिचा खटला. चालकाची जागा गेलीच, वर शनिवारी मजूर आणणारा एजंट येऊन तिला घेऊन जाणार आणि मायदेशी परत पाठवणार असं ठरलं. निष्काळजी म्हणून परत गेलेल्या मुलीला दुसरा कारखाना घेत नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि राख कुणी पाडली हेही, एक आ-थुई सोडली तर, सगळ्यांना ठाऊक होतं. मग बोललं का नाही कुणी? कारण बोलायचं म्हणजे पूजेने नुकसान झालं असं म्हणायचं, तेही सातव्या महिन्यात. भाऊमंडळींचा अपमान, आणि त्याहून जास्त जिवंत मालकाचा. मेलेल्यांच्या रागाची भीती दाखवून जिवंत माणूस बळी द्यायचा, ही युक्ती सगळीकडे चालते. मालकाच्या हातून पडली की राखही पवित्र होते आणि मजुराचं जेवणसुद्धा घाण ठरतं. मी लोखंडाचा आहे, मला कुणाची भीड नाही, म्हणून स्पष्ट सांगतो.

स्यूचिनताईचा डबा त्या आठवड्यात रोज तसाच परत जायचा. आ-थुईशी ती बोलेना. एकदा आ-थुईनेच विचारलं, "ताई, तुम्हालाही वाटतं का मी केलं?" ताई म्हणाली, "मला काम आहे," आणि उगाचच माझे बोल्ट आवळत बसली. आवळलेलेच होते ते.

शनिवार आला. माझं दार सफाईसाठी उघडं होतं. मालक आणि त्सेंगसाहेब आत डोकावत होते. बाहेर एजंटची गाडी उभी होती. तेवढ्यात स्यूचिनताई पेटती उदबत्ती घेऊन आली.

"हे काय?" मालक म्हणाले.

"महिना अजून संपला नाही. माल दोनदा बिघडला. भाऊमंडळी रुसली असतील, पुन्हा एकदा दाखवते." आणि ती मालकांसारखीच दोन्ही हातांत उदबत्ती धरून माझ्या तोंडापाशी वाकायला लागली.

"अगं बाई, आत नको. राख पडेल."

बोलून गेले आणि मालकांचं तोंड तसंच उघडं राहिलं. ताई सरळ उभी राहिली. उदबत्ती बाहेर नेऊन अंगणातल्या कुंडीत खोचली आणि परत आली.

"मग मागच्या वेळची कुठे पडली असेल?" तिने साध्या आवाजात विचारलं.

त्सेंगसाहेब स्वतःच्या बुटांकडे बघत होते. मालकांनी दिवा मागितला, माझ्या पोटात डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. काढलं तेव्हा म्हणाले, "आ-थुईला बोलवा."

ती आली ती प्रवासाच्या कपड्यांत, खांद्याला पिशवी.

"कोपऱ्यात राख आहे," मालक म्हणाले. "हातमोजे घाल, पुसायचंय."

"मी निघाले, मालक. गाडी थांबलीय."

"जाईल परत गाडी."

"एजंटला आत बोलवा आधी. मी निष्काळजी आहे असं तुम्ही त्याला सांगितलंय."

एजंट आत आला, बिचकून दारापाशीच उभा राहिला.

"हं, आता पूस," मालक म्हणाले.

"नाही. आज तुम्ही पुसा. मी बघते."

मला वाटलं, आता मालक फुटणार. कपाळावरची शीर दिसायलाही लागली. पण स्यूचिनताईने पांढरी फडकी आणि हातमोजे त्यांच्यासमोर धरले होते आणि ती हात खाली घेत नव्हती. मालकांनी घड्याळ काढलं, कोट काढला, हातमोजे चढवले. ज्या पोटासमोर ते वाकले होते त्याच पोटात गुडघ्यावर शिरले आणि पुसायला लागले. फडकं करडं होऊन बाहेर आलं.

"पत्र्यामागे," आ-थुई म्हणाली.

"पुसलं."

"फडकं दाखवा."

दाखवलं.

"परत."

"मालक, घाईघाईत पुसू नका हो," स्यूचिनताई म्हणाली, "रंग नाही जात स्टीलचा."

बऱ्याच फडक्यांनंतर मालक आतूनच म्हणाले, "हात भरून आला."

"येतो," आ-थुई म्हणाली.

'चूक माझी' हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकले नाहीत, खोटं कशाला सांगू? एजंटला ते एवढंच म्हणाले, "मुलगी राहतेय. चालक म्हणून." आ-थुईने शेवटचं फडकं उजेडात धरून बघितलं, ते पांढरं होतं. मग तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, हातमोजे चढवले, माझं दार लावलं आणि पंप सुरू केले. त्या खेपेचा एकही दाणा तडतडला नाही.

आता माझे पंप धापा टाकतात, पाहुणे फोटो काढायला नव्या यंत्राकडे जातात. जाऊ देत. मला हार नको, आरती नको. मित्रांनो, काही बिघडलं की बोट दाखवायला सगळ्यात जवळचं गरीब माणूस सापडतं. ते बोट आधी खिशात घाला. दिवा घ्या, दार उघडा आणि स्वतःचं डोकं आत घाला. घाण दुसऱ्याची निघाली तर सांगा. आपली निघाली, तर फडकं स्वतः उचला आणि ज्याच्यावर आळ घेतला होता त्याने 'झालं' म्हणेपर्यंत पुसत राहा.