टेकडीवरचे दोन दगड

पोलिओने सोयराचे पाय गेले, डोंगर चढायची हौस मात्र गेली नाही. १९६३ सालच्या एका रविवारी नवरा विठोजी तिची चाकांची खुर्ची ढकलत येलहंक्यापलीकडच्या टेकडीवर निघाला. अर्ध्या वाटेत गुरं अडवायला दोन दगड रोवलेले होते. मधून माणूस जाई, खुर्ची जाईना.

तिथला राखणदार म्हणाला, "अक्का, तुम्ही इथंच बसा. अण्णा वर बघून येतील, तुम्हाला सांगतील."

सोयराच्या अंगाचा तिळपापड झाला. "मी काय म्हैस आहे अडवायला?" तिने खुर्ची त्या फटीसमोरच आडवी लावली. "आता कुणीच जायचं नाही!"

उतरणारे लोक खोळंबले. शेवटी त्यांनीच विठोजीबरोबर जोर लावून एक दगड उपटला.

माथ्यावर विठोजी म्हणाला, "आता तरी शांत हो."

"कशी होऊ? खाली बघा, राखणदार तो दगड पुन्हा रोवतोय. चला खाली!"