पाच फूट दहा इंचांचा कप्पा

नेव्हिल एप्रिलच्या कॉम्बी व्हॅनमध्ये माणसांचे हाल होत आणि सर्फबोर्डाची चैन. पलंग इतका अरुंद, की कूस बदलायची तर आधी उठून बसावं लागे. चहाची भांडी टपाला आतून टांगलेली, ब्रेक दाबला की एखादं डोक्यात. पण पलंगाखाली त्याने जो कप्पा केला होता तो बघायला त्याच्या स्ट्रँडफोंटेन वस्तीतले इतर सुतारसुद्धा वाकून आत डोकावत. पाच फूट दहा इंच, एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. दोन्ही कडांना मऊ फ्लॅनेल, आणि शेवटी शेगडीच्या कपाटाची फळी, बोर्डाच्या टोकाला हलकेच टेकणारी. नेव्हिलचा स्वतःचा नऊफुटी बोर्ड टपावर ऊन-वारा खात असे. आतला कप्पा तारिनच्या बोर्डाचा होता.

तारिन त्याची एकुलती एक मुलगी. चार वर्षांपूर्वी ती आयर्लंडला नोकरीला गेली आणि बोर्ड मागे ठेवून गेली.

"मला थंडी वाजली तर म्हणतो, खिडकी लाव," त्याची बायको आयरीन आल्यागेल्याला सांगे. "आणि त्या फळकुटाला फ्लॅनेल!"

आयरीन इस्पितळात नर्स होती आणि समुद्राचं नि तिचं कधी जमलं नाही. त्यामुळे नेव्हिल एकटाच सुट्टीच्या दिवशी कॉम्बी काढून कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर जाई, टपावरचा बोर्ड उतरवी, पलंगाखालचा तिथेच राहू देई. कुणी विचारलंच, हा छोटा कुणाचा, तर म्हणे, "मुलीचा. येतेय ती." कधी, ते विचारायची सोय तो ठेवत नसे.

लाटेवर पाय घसरू नये म्हणून बोर्डाच्या पाठीला मेण चोळतात, आणि ते मळलं की खरवडून नवं लावतात. तारिनच्या बोर्डाचं मेण नेव्हिलने चार वर्षांत एकदाही खरवडलं नव्हतं. त्या मेणात तिचे पाय होते. मागच्या बाजूला उजवं पाऊल, अंगठा जरा बाहेर वळलेला, थेट आयरीनसारखा. पुढे डाव्या टाचेचा खळगा. त्याच्याही पुढे, ती पालथी पडून हात मारायची तिथे, बरगड्यांनी गुळगुळीत केलेला एक पट्टा. महिन्यातून एकदा तो बोर्ड बाहेर ओढायचा, बघायचा आणि परत आत सरकवायचा. बाप आहे, करतो, असं तो स्वतःलाच सांगे. आयरीनला मात्र कधी बोलला नाही.

त्याच्या लहानपणी देशात वर्णभेद होता, त्याच्या रंगाच्या माणसाला चांगल्या किनाऱ्यांवर पाय ठेवायची बंदी होती, तशा पाट्याच लावलेल्या. त्या पाट्या निघाल्या तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता, आणि एकतिसाव्या वर्षी तो म्यूझनबर्गच्या पाण्यात शाळकरी पोरांबरोबर आपटत, नाकातोंडात पाणी जात लाटेवर स्वार व्हायला शिकला. तारिन मात्र सहाव्या वर्षीच बोर्डावर उभी राहिली. कुणी हटकलं नाही. ते पाहून नेव्हिल कमरेइतक्या पाण्यात उभा राहून रडला होता, आणि पाण्यात रडण्याचा फायदा असा की कुणाला कळत नाही.

यंदा जानेवारीत ती येणार होती, दोन आठवड्यांसाठी. ठरलं होतं की बापलेकींनी कॉम्बीने जेफ्रीज बेला जायचं, पूर्वी दर वर्षी जायचे तसं. खरं तर जेफ्रीज बेच्या, म्हणजे जे-बेच्या, लाटा हिवाळ्यातल्या. जानेवारी म्हणजे तिथे भर उन्हाळा, तेव्हा त्या आळसावलेल्या असतात. पण सुट्टी जानेवारीतच मिळाली होती, आणि नेव्हिलला लाटांशी कर्तव्य नव्हतं. घराजवळच्या मिचेल्स प्लेनच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्टची जागा निघाली होती. तारिन तेच काम करायची. त्या जाहिरातीचं कात्रण त्याने गाडीत, चालकाच्या डोक्यावरच्या, ऊन अडवायच्या झडपेत खोचून ठेवलं. जे-बेला पोचल्यावर, ती पाण्यातून बाहेर आली की, केस पुसता पुसता, सहज विषय काढायचा. पोरी, परत ये. एवढंच म्हणायचं होतं त्याला.

विमानतळावर ती आली ती एक लांबलचक चंदेरी पिशवी ओढत.

"अग, तुझा बोर्ड आहे ना घरी!" नेव्हिल म्हणाला.

"हा नवा. ओवेनने स्वतःच्या हाताने बनवलाय. तिकडच्या गार पाण्यात जाडजूड सूट घालावा लागतो, त्या वजनाला तो छोटा पुरत नाही." मग तिने त्याच्याकडे नीट बघितलं. "तू किती बारीक झालास!"

"तू?" आयरीनने तिथेच कान पकडला. "शेजारचा पोरगा आहे का ग तो?"

त्यांच्याकडे आईबापांना कुणी 'तू' म्हणत नाही, 'तुम्ही'ही नाही. त्या जागी डॅडीच म्हणायचं, दर वाक्यात. डॅडींना चहा हवा का, डॅडी थकले का. तारिन जीभ चावून हसली. चार वर्षं वेगळ्या भाषेत काढली की होतं असं, नेव्हिलने स्वतःची समजूत घातली. पण तो 'तू' त्याला बोटात घुसलेल्या कुसासारखा घरापर्यंत टोचत राहिला.

निघायच्या सकाळी भानगड उभी राहिली. नवा बोर्ड सात फुटी. टपावर ठेवू म्हटलं तर तारिन नको म्हणाली. नवा आहे, उन्हाने पिवळा पडेल, ओवेनने मुद्दाम बजावलंय. ओवेनचं नाव नेव्हिलने दोन दिवसांत अकरा वेळा ऐकलं होतं.

"मग कपाटाची फळी काप ना," आयरीन दारातून म्हणाली. "चौदा इंचांचा तर प्रश्न."

"माप आहे ते," नेव्हिल म्हणाला.

"कशाचं माप? देवळाचं?"

"तिच्या बोर्डाचं."

"अरे, पण तिचा बोर्ड आता हा आहे!"

जुना बोर्ड पलंगाखाली त्याच्या जागी राहिला. नवा पलंगावर तिरका टाकला, आणि तरी त्याचं चंदेरी नाक पुढच्या दोन्ही आसनांच्या मधून डोकावत राहिलं. बापलेकीच्या मधे तिसरं माणूस बसावं तसं. गिअर टाकताना नेव्हिलचं कोपर दर वेळी त्याच्यावर आपटे. आयरीनने नारळात घोळवलेले, तळलेले गोड कूसिस्टर आणि खिम्याचे गोळे घातलेला पाव डब्यात भरून दिला, आणि दोघं निघाली.

वाटेत तारिन बोलत होती. तिकडचा पाऊस, तिकडचे म्हातारे, त्यांचे गुडघे. मधेच खिडकीबाहेर बघायची. एकदा म्हणाली, "हे पिवळं गवत मी स्वप्नात बघते." झडपेतलं कात्रण जागेवर आहे ना, हे नेव्हिलने बोटाने चाचपलं.

स्वेलेंडमच्या पुढे, रस्त्याकडेच्या निलगिरीखाली सिमेंटचं टेबल होतं. तिथे ते नेहमी थांबत. तारिनने शेगडी पेटवून चहा ठेवला, आणि नेव्हिलला राहवलं नाही. जे-बेपर्यंत कशाला थांबायचं? त्याने पलंगाखालून जुना बोर्ड ओढून काढला आणि निलगिरीच्या सावलीत गवतावर ठेवला, मेण वर. चहा झाला की तिला दाखवायचं, हे बघ, तू इथेच आहेस.

"डॅडी, ऐक ना," तारिन कप पुढे करत म्हणाली. "घरी आईसमोर सांगवलं नाही. आम्ही घर घेतलंय. ओवेन आणि मी."

"भाड्याने?"

"विकत."

नेव्हिलने चहाचा घोट घेतला. चांगलाच भाजला.

"छप्पर कसलंय?" त्याने विचारलं.

"दगडी पाट्यांचं. जुनं आहे."

"गळतं?"

"एका कोपऱ्यात."

मग त्याने दारं विचारली. चौकटी ओक लाकडाच्या की देवदाराच्या, बिजागऱ्या कुठल्या, ओल भिंतीला येते की जमिनीला. तारिनने कागदी रुमालावर नकाशा काढला. त्याने तो खोडून सुधारला, जिना इथे नको, डोकं आपटेल. दुसरा चहा झाला. सगळे कूसिस्टर संपले. त्याने अख्खं घर विचारून घेतलं, फक्त ती परत येणार का, ही एक गोष्ट विचारली नाही, आणि तिनेही ती सांगितली नाही.

"डॅडी!" तारिन एकदम ओरडली आणि हसायलाच लागली. "अरे, मेण वर? उन्हात?"

सावली केव्हाच टेबलाच्या पलीकडे सरकली होती. बोर्ड ठेवायचा तर मेण खाली, शेपूट पुढे, हे ज्याने अर्ध्या स्ट्रँडफोंटेनला घोकून घेतलं होतं, पोरांनी बोर्ड उन्हात टाकला तर जो रस्ता ओलांडून जाऊन झापायचा, त्या नेव्हिल एप्रिलचा बोर्ड गवतावर रखरखीत उन्हात पडला होता.

तो धावला. चौसष्टाव्या वर्षी माणूस जेवढा धावतो तेवढा. गुडघ्यावर बसून बघितलं तर मेण ताटात पसरलेल्या तुपासारखं चकचकत होतं आणि कडेवरून थेंब थेंब गवतात उतरत होतं. पाऊल नव्हतं. टाच नव्हती. काहीच नव्हतं.

"बरंच झालं," तारिन मागून म्हणाली. तिने पिशवीतून खरवडणी आणली होती. "किती मळलं होतं. चार वर्षांचं मेण कुणी ठेवतं का?" आणि बोर्ड सावलीत ओढून, मेण जरा घट्ट झाल्यावर, तिने सराईत हाताने शेपटीकडून खरवडायला घेतलं. करड्या रंगाच्या वळ्या खाली पडू लागल्या.

"तुझे पाय होते ग त्यात," नेव्हिल म्हणाला.

तिचा हात थांबला. बोर्ड अर्धा पांढराशुभ्र झाला होता, अर्धा तसाच. तिने त्याच्याकडे बघितलं, मग बोर्डाकडे, मग पुन्हा त्याच्याकडे, आणि तिचे डोळे भरले. पण आता थांबून काय उपयोग होता? नाक ओढत तिने उरलेलंही खरवडलं. सगळ्या वळ्या गोळा करून, तळहातांत वळून त्यांचा लिंबाएवढा गोळा केला आणि तो त्याच्या हातात दिला. मळकट, केस चिकटलेला, त्यात चार वाळूचे कण.

गाडीत बसल्यावर तो ठेवायचा कुठे म्हणून नेव्हिलने हाताला लागला तो कागद झडपेतून ओढला आणि त्यात गोळा गुंडाळला. तारिनने कागद वाचला की नाही, त्याला कळलं नाही. जुना बोर्ड त्याने टपावर, नऊफुट्याच्या शेजारी बांधला होता. आता त्याला सावली कशाला हवी?

जे-बेला ते संध्याकाळी पोचले. पलंगावर चंदेरी पिशवी, म्हणून तारिन तिच्या कडेला काटकुळी होऊन झोपली आणि नेव्हिल तंबूत. सकाळी समुद्र नुसता तळ्यासारखा पडून होता. ती वाळूवरून फेरी मारून आली तेव्हा शेगडी, गॅस, भांडी सगळं गवतावर मांडलेलं, आणि नेव्हिल कॉम्बीत आडवा पडून, कानावर पेन्सिल खोचून कपाटाशी झटत होता.

ती पायरीवर बसली.

"मी वाचलं ते," ती म्हणाली. "मिचेल्स प्लेनच्या दवाखान्याचं."

"जुनं होतं."

"गेल्याच आठवड्याचं होतं. वर तारीख होती." तिने गवताची काडी तोडली. "मला रोज इकडची आठवण येते. रोज. बसमधे, कामावर, भाजी चिरताना. पण संध्याकाळी तिथल्या दाराला किल्ली लावली ना, की घरी आल्यासारखं वाटतं. मी काय करू?"

नेव्हिल उठून बसला. त्याला पुष्कळ बोलायचं होतं. चार वर्षांचं साठलं होतं. "कोपऱ्यात गळतंय ते आधी बघा," तो म्हणाला. "नाहीतर वासे कुजतील."

ती रडता रडता हसली. मग आत वाकून बघू लागली. "डॅडी हे काय करतायत?"

या वेळी 'तू' नव्हता, आणि ते 'डॅडी' नेव्हिलच्या कानात बरोबर जाऊन बसलं. त्याने मान वर केली नाही.

"कप्पा वाढवतोय. सात फुटांचा."

"पण मी तर आठ दिवसांनी जाणार."

"जाणारच आहेस. पुढच्या वेळी येशील तेव्हा काय, पुन्हा या तुझ्या चंदेरी पाहुण्याला कोपर मारत आणू?" त्याने फळीवर खूण केली, गुण्याने काटकोनात आहे का तपासली आणि करवत उचलली.

तारिनने हात पुढे करून करवत अडवली. "डॅडींनी साडेसात करावा," ती हळूच म्हणाली. "ओवेनचा साडेसात आहे."

नेव्हिल त्या खुणेकडे बघत राहिला. मग अंगठा ओला करून त्याने ती पुसली आणि सहा इंच पुढे दुसरी ओढली. ती नेमकी शेगडीच्या जागेवर आली.

"आणि मी चहा कुठे करू?"

"टपावर," तारिन म्हणाली.

"हं. टोक धर," नेव्हिल म्हणाला.

लहानपणी धरायची तसं तिने दोन्ही हातांनी फळीचं टोक घट्ट धरलं, आणि त्याने खुणेवर करवत टेकवली.