पिवळ्या उजेडातली पानं

गांजावरची बंदी उठली त्या वर्षी आमच्या महासाराखामकडच्या गावांत दुसरा विषयच नव्हता. देवळाच्या ओसरीवर बसणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा कुणाच्या घरी किती रोपं लागली याच्याच गप्पा मारत. माझा थोरला भाऊ थाविन तेव्हा घरी बसून होता. त्याची सगळी उमर मोरलामच्या नाचगाण्याच्या फडात गेली. गाणारे-नाचणारे वेगळे, हा दिव्यांचा माणूस. ट्रकवर चढून दिवे बांधायचे, तारा ओढायच्या, नाचणाऱ्या पोरींवर कधी निळा कधी तांबडा उजेड पाडायचा. साथीच्या दिवसांत फड बसला तो उठलाच नाही.

दादाला स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. त्यानं घरामागची भाताची कोठी रिकामी केली, भिंतींना आतून चंदेरी कागद लावला आणि रस्त्यावरच्या खांबांचे जुने सोडियम दिवे भंगारातून आणून छताला टांगले. नवे पांढरे दिवे परवडणारे नव्हते. कोठीचं दार उघडलं की आत सगळं हळदीच्या पाण्यात बुडाल्यासारखं दिसायचं.

"बाहेर रानोमाळ उगवतं ते झाड तू कोठीत कोंडणार?" मालीवान वहिनीनं विचारलं. ती शाळेचे गणवेश शिवायची. मशीन कोठीला लागूनच होतं.

"बाहेर अळ्या आहेत, पाऊस आहे आणि तुझा फुकट ओढणारा भाऊ आहे," दादा म्हणाला. "तिघांपासून जपायला नको?"

रोपं वीतभर झाली आणि खालची पानं पिवळी पडायला लागली. इथून वहिनी त्यात ओढली गेली. बाईची नजर अशी, की शिवणीतला एक टाका वाकडा गेला तरी तिला दिसायचा. मशीन सोडून ती कुंड्यांपुढे उकिडवी बसायला लागली.

"हे पान बघ ओन. पिवळं पडलंय ना?"

"वहिनी, या उजेडात मला तुझे दातही पिवळे दिसतायत."

"मेले, माझे दात राहू देत. पान बघ."

दादानं फोनवरच्या गांजावाल्यांच्या गटात फोटो टाकला. सगळे म्हणाले, झाड उपाशी आहे, खत वाढव. त्यानं वाढवलं. आठवड्याभरात पानांची टोकं करपली आणि पानं कोंबडीच्या पंज्यासारखी खाली वळली.

"आता म्हणतात खत जास्त झालं."

"कोण म्हणतं?"

"तेच. घाल म्हणाले होते ते."

मग खत बंद. तरी करपलेली कड टोकाकडून आत सरकतच राहिली. कुणी म्हणालं चुना कमी, कुणी म्हणालं पाणी जास्त. एकानं कोळ्याच्या जातीचे बारीक किडे असतील म्हणून सांगितलं, तशी वहिनी शिवणकामाचं भिंग घेऊन एकेक पान उलटं करून बघत बसली. किडा दिसला नाही. तरी दादानं कडुनिंबाचं तेल पाण्यात कालवून फवारलं, झाडांवर आणि निम्मं स्वतःवर.

त्यानंतर त्याला खाज सुटली. दंड, पाठ, तळपाय. दाराच्या चौकटीला पाठ घासत उभा राहायचा.

"झाडांचे किडे तुला चढले," वहिनी म्हणाली.

"चढू देत. तेवढीच झाडं सुटली."

आम्ही हसलो. हसण्यासारखंच वाटत होतं तेव्हा. पुढे त्याचं जेवण कमी झालं, तेही आम्ही कोठीतल्या उकाड्यावर ढकललं. एकदा मी कोइ प्ला करून नेलं. तळ्यातला ताजा मासा कच्चाच बारीक कापलेला, वर लिंबू, मिरची, भाजलेल्या तांदळाची पूड. दादाचा जीव की प्राण. आरोग्य केंद्रातली बाई दर वर्षी घरोघर येऊन सांगायची, मासा शिजवून खा, पोटात कृमी होतात, पुढे यकृत जातं. आम्ही मान डोलवायचो आणि तिची पाठ वळली की लिंबू पिळायचो. त्या दिवशी दादानं दोन घास चिवडले आणि टोपलीतला चिकट भातही तसाच झाकून ठेवला.

"मासा वाईट आहे का रे?"

"मासा चांगला आहे. मलाच नको वाटतंय."

वहिनीनं त्याची विजार कमरेत आत घेतली. पुन्हा एकदा घेतली. कोठीत घाम गाळून गाळून वाळला, असंच तीही म्हणत होती. त्याच्या डोळ्यांवर कायम काळा चष्मा. ती फडातली सवय, दिव्यांकडे बघायची. शिवाय दिवसचे दिवस तो त्या कोठीतच.

शेवटी वहिनी करपलेल्या पानांचा फोटो घेऊन बाजारातल्या उराईच्या खतांच्या दुकानात गेली. मी सोबत होते. उराईनं फोटो बघितला आणि फोन परत दिला.

"हा काय फोटो आहे? असल्या उजेडात हिरवं काय आणि पिवळं काय, सगळं सारखंच दिसणार. कुंडी उन्हात काढ, मग रंग बघ. पाणी कुठलं घालता?"

"बोअरचं. रांजणातलं पावसाचं पाणी प्यायला लागतं ना."

"तुमच्या बाजूला शेतात मीठ फुलतं, बाई. बोअरचं पाणी जिभेला लावून बघितलंस कधी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं कुंडी उचलली. जड काही नव्हती, पण पायरीपर्यंत आला आणि मांडीवर कुंडी घेऊन मटकन बसला. "पाय लटपटतायत," म्हणाला. कुंडी मी अंगणात नेली. वहिनी पानावर वाकली.

"अगं, हिरवंच आहे की! नुसती कड करपलीय."

कुंडीच्या काठावर पांढरा थर चढलेला होता. दादानं चष्मा कपाळावर सारला, बोटानं थर खरवडला आणि जिभेला लावला.

"मीठ! आम्ही यांना इतके दिवस लोणच्यासारखं मुरवत होतो गं." असं म्हणून हसत त्यानं वहिनीकडे मान वर केली.

वहिनीनं हातातलं पान सोडलं.

"थाविन, हलू नकोस. वर बघ."

"काय झालं?"

"वर बघ म्हणते ना!"

तिनं त्याचा हात धरून त्याला उठवलं आणि रस्त्यापलीकडच्या पांढऱ्या भिंतीपाशी नेऊन उभं केलं. मग मला हाक मारली.

"ओन, तू सांग. कोठीत बसून बसून माझे डोळे बिघडलेत का?"

मी बघितलं. दादाच्या डोळ्यांतला पांढरा भाग लिंबाच्या सालीसारखा पिवळा झालेला. तळहातही तसेच. त्याला लघवी कशी होते म्हणून वहिनीनं विचारलं, तर म्हणाला, "काळ्या चहासारखी. बऱ्याच दिवसांपासून. मला वाटलं उकाड्यानं."

शहरातल्या मोठ्या इस्पितळात त्याला आत घेतलं. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं आम्हाला खुर्च्यांवर बसवलं आणि मग सांगितलं. यकृतातली पित्ताची नळी बंद झालीय, तिथे गाठ आहे, आणि आता कापून काढण्यापलीकडे गेलीय.

"कच्चा मासा खायचात?" तिनं विचारलं.

"आमच्याकडे कोण खात नाही, डॉक्टर?" दादा म्हणाला.

"तेच तर," ती म्हणाली. वॉर्डात दोन्हीकडच्या खाटांवर त्याच्यासारखेच पिवळे पुरुष पडलेले होते.

पित्त वाहायला नळी घालून त्याला घरी पाठवलं. खाज थोडी कमी झाली, ताकद काही आली नाही. इकडे वहिनीनं कुंड्यांतलं मीठ धुऊन काढलं आणि रांजणातलं पाणी झाडांना द्यायला लागली. आम्ही बाजारातून पाणी विकत आणून प्यायलो. नवी पानं स्वच्छ आली, झाडं फोफावली, फुलोरा धरला. लोक येऊन सांगायचे, याचं तेल काढून द्या, गाठी विरघळतात. वहिनीनं डॉक्टरीणबाईला विचारलं. ती म्हणाली, विरघळत नाहीत. झोप लागली, भूक लागली तर लागेल, आणि यकृत असं असताना तेही जपून. वहिनीनं ऐकून घेतलं, पण 'विरघळत नाहीत' हे तिनं मनात घेतलंच नाही. सकाळ-संध्याकाळ भिंग घेऊन ती फुलं पिकली का ते बघायची.

दादाची खुर्ची कोठीच्या दारात असायची.

"काप की आता," तो म्हणायचा.

"अजून तयार नाहीत."

"मी तयार आहे ना."

"असलं बोलायचं नाही."

"मग काय बोलू? तुझी फुलं पिकेपर्यंत मी थांबतो, असं सांगू? तसं माझ्या हातात असतं तर फड तरी बसू दिला असता का मी?"

तिनं एक फांदी कापली, सुकवली, उकळून पाजली. त्यानं सगळं ओकून टाकलं. नंतर ती परत कोठीत गेली आणि दार लावून घेतलं. बराच वेळ बाहेर आली नाही. मी आणि दादा दाराबाहेर बसून राहिलो, एकमेकांकडे न बघता.

पावसाळा भरात असताना तो गेला. शेवटी इस्पितळानं दिलेलं दुखण्यावरचं औषधच काय ते कामाला आलं.

देह ठेवायला भाड्याची शीतपेटी आली. तिचा भार आणि कोठीचे दिवे-पंखे एकदम चालवले तर घरातली वायर जळेल, असं पेटीवाला म्हणाला. दादा असता तर त्यानं काहीतरी जोडाजोड केली असती. वहिनीनं स्वतः जाऊन कोठीचं बटण बंद केलं. भिक्खूंचे पाठ झाले, फडातले जुने लोक आले, एका गाणाऱ्या बाईनं पेटीला टेकून इतकं रडून घेतलं की वहिनीलाच तिला धरावं लागलं. देवळामागे त्याला अग्नी दिला.

अस्थी घेऊन परत आलो त्या दुपारी वहिनीनं कोठी उघडली. ओल्या कापडासारखा वास बाहेर आला. तिनं सगळ्यांत मोठं फूल हातात घेतलं आणि दोन अंगठ्यांनी उकललं. आत राखाडी लव होती आणि दांडा मऊ पडलेला.

"बुरशी," ती म्हणाली. "पंखा बंद, पावसाची हवा. कोंडून सडलं." कुणाला फोटो पाठवला नाही, कुणाला विचारलं नाही. सगळ्या झाडांना धरली होती. आम्ही दोघींनी कुंड्या बांधावर नेऊन उलट्या केल्या आणि झाडं जाळून टाकली. ओली होती, पेटायला त्रास झाला.

पुढच्या सोमवारी ती सकाळीच माझ्या दारात आली. केस विंचरलेले, हातात पिशवी.

"चल आरोग्य केंद्रात. तपासून घेऊ."

"मला काही होत नाहीये, वहिनी."

"त्यालाही काही होत नव्हतं. एकाच ताटात खाल्लंय आपण सगळ्यांनी."

तपासणीत तिला काही निघालं नाही. माझ्या पोटात कृमींची अंडी निघाली. ती दर वर्षी येणारी बाईच टेबलामागे होती. तिनं 'मी सांगत होते' असं म्हटलं नाही. गोळ्या दिल्या आणि समोर गिळायला लावल्या. कडू जहर. घरी निघाले तेव्हा चक्कर यायला लागली, म्हणून वहिनीनं मला मोटरसायकलवर मागे बसवलं, माझे दोन्ही हात पुढे ओढून स्वतःच्या कमरेभोवती घट्ट आवळले आणि म्हणाली, "सोडलेस तर बघ."