दुसरा ब्रेक

सूनबाईंनी फॉर्म स्वतःच भरून पाहिला. नाव लिहिलं, मेलचा पत्ता टाकला, "गाडी शिकायची आहे, फी किती?" असं विचारून बटण दाबलं. आपला निरोप पोहोचला, धन्यवाद, असं वेबसाइटनं सांगितलं आणि खरोखरच मिनिटभरात ड्रायव्हिंग स्कूलच्या मेलमध्ये तो येऊन पडला. म्हणजे फॉर्म ठणठणीत. मग एवढ्या दिवसांत एक चिटपाखरूही का फिरकलं नव्हतं, हे काही केल्या कळेना.

स्कूल मामंजींचं, म्हणजे त्यांच्या सासऱ्यांचं. स्कूल कसलं, एक गाडी, शिकवणाऱ्याच्या पायाशी बसवलेला एक जादा ब्रेक आणि स्वतः मामंजी. अर्ध्या गावाला क्लच सोडायला त्यांनी शिकवलं होतं, सूनबाईंनासुद्धा. लग्न होऊन आल्या तेव्हा या बाई स्टिअरिंगला हात लावायला घाबरायच्या. मामंजींनी एकदाही आवाज चढवला नाही. भर गर्दीतला चौक पहिल्यांदा पार झाला तेव्हा शेजारच्या सीटवरून म्हणाले होते, "माझा पाय ब्रेकवर नव्हता बरं का." असं कौतुक सूनबाईंचं माहेरीसुद्धा कुणी केलं नव्हतं.

आता त्यांच्या नवऱ्यानं टुमणं लावलं होतं, की महिनाअखेरपर्यंत कुणी आलं नाही तर गाडी विकून टाकू, उभ्या उभ्या गंजतेय. मामंजी मात्र रोज सकाळी गाडी पुसायचे आणि गॅरेजमधल्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसायचे. गाडी गेली तर हा माणूस खचेल, या एका धास्तीनं सूनबाई फॉर्मच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या.

सूनबाई औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळायच्या. तिथे एक बाई खोकल्याचं औषध घेता घेता फणकारल्या, की तुमच्या सासऱ्यांना भाव चढलाय वाटतं, मुलीसाठी दोनदा लिहिलं, साधं उत्तर नाही. सूनबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन मेल उघडला तर त्या बाईंचा निरोप औषधालाही नाही. वरती आपला त्यांचा स्वतःचाच, फी किती विचारणारा.

मग सुरू झाली शोधाशोध. फोन नंबर वेबसाइटवरून मागेच काढला होता, कारण शिकवताना फोन वाजला की मामंजी वैतागायचे. सगळी भिस्त त्या फॉर्मवर. सूनबाईंनी पत्ता अक्षर अक्षर लावून तपासला, बरोबर होता. मेलची जागा भरलीय का पाहिलं, रिकामी होती. स्पॅमचं विचारलं तर मामंजी म्हणाले की ते मी रोज बघतो, लॉटरी आणि टकलावर केस उगवायचं तेल, दुसरं काही नसतं. विषय मिटला. वेबसाइट सांभाळणाऱ्या कंपनीतल्या मदतनीसानं फॉर्म काढून नवा बसवायला सांगितला. तो बसवला, पुन्हा स्वतःच भरला आणि वाट पाहत बसल्या.

या खेपेला त्यांचाही निरोप आला नाही.

घ्या. जे चालत होतं तेही बंद पडलं. दुरुस्त करायला गेलो आणि आपणच वाट लावली, असं वाटून सूनबाईंना रडूच कोसळायचं बाकी राहिलं. त्यांनी मदतनीसाला पुन्हा गाठलं आणि चांगलं फैलावर घेतलं. तो बिचारा शांतपणे म्हणाला की आमच्याकडून प्रत्येक निरोप निघालाय आणि तुमच्या मेलनं तो घेतलाय. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी स्पॅम बघता का?

सूनबाईंनी स्पॅम उघडलं आणि बघतच राहिल्या. लॉटरीच्या आणि तेलाच्या मधोमध सगळे होते. खोकल्याच्या औषधवाल्या बाई दोनदा होत्या. नोकरीसाठी लायसन्स हवं असलेला एक मुलगा होता. 'माझ्या मोठ्या बहिणीला तुम्हीच शिकवलंत, आता मला शिकवा' असं लिहिणारी एकजण होती. शेवटी त्या स्वतः. त्यांच्या या निरोपाच्या डोक्यावर अदबीनं लिहिलेलं होतं, की या पत्त्यावरून आलेले आधीचे निरोप आपणच स्पॅम ठरवले आहेत, म्हणून हाही इथे ठेवला आहे.

आपण म्हणजे कोण? मी तर नाही ठरवले, सूनबाई चक्रावल्या. त्यांनी सगळे निरोप उचलून जागेवर आणले, आता पाहू म्हणाल्या आणि निवांत झोपल्या. दुसऱ्या दिवशी कामावरून येऊन पाहतात तो सगळे परत स्पॅममध्ये. भुताटकी म्हणावी तर भुताला पासवर्ड कुठून मिळाला? पासवर्ड दोघांनाच ठाऊक होता, आणि त्यातल्या एक त्या स्वतः होत्या.

त्या तडक गॅरेजमध्ये गेल्या. मामंजी गाडीची काच पुसत होते. फळीवर एक लाल चेंडू होता, फुटून चपटा झालेला. तो कधीचा तिथे पडून होता आणि कचऱ्यात टाकते म्हटलं की मामंजी असू दे म्हणायचे. सूनबाईंना राग आवरेना. दुकानात लोकांची बोलणी मी खाल्ली, कंपनीशी भांडले मी, आणि तुम्ही इथे बसून माणसं कचऱ्यात टाकत होतात, असं सगळं त्यांनी एका दमात ऐकवलं. सासऱ्यांशी एवढं त्या जन्मात बोलल्या नव्हत्या.

मामंजींनी फडकं घडी करून बॉनेटवर ठेवलं.

"पाय उशिरा पडला," ते म्हणाले.

सूनबाईंना अर्थबोध होईना.

"बाजाराच्या वळणावर चेंडूमागे एक चिमुरडी धावत आली. शिकणारी मुलगी घाबरून थिजली. ते ठीक आहे, त्या थिजतातच, त्यासाठी तर मी असतो. मला सगळं दिसत होतं, पोरी. पाय उचल, पाय उचल, असं स्वतःला सांगतही होतो. पाय गेला, पण उशिरा. चेंडूवर निभावलं. पोरीला तिथेच नवीन घेऊन दिला, हा मी घेऊन आलो."

"मग घरात का नाही सांगितलंत?"

"गिऱ्हाईक नाही म्हणून बंद पडलं असतं तर लोक म्हणाले असते, काळ बदलला. मला तेवढं चाललं असतं." ते फळीकडे बघत राहिले. "तुझी धडपड दिसत होती. रोज वाटायचं, आज सांगावं."

सूनबाईंचा राग कुठल्या कुठे गेला. हा माणूस खचू नये म्हणून त्या दारं उघडत होत्या, आणि कुणाचं लेकरू चिरडू नये म्हणून तो एकेक लावत होता. त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढली.

"चला, चक्कर मारून येऊ. आल्यावर त्या सगळ्यांना उत्तरं लिहू. काय लिहायचं ते तुम्ही सांगा."

त्या गाडीत बसल्या, पट्टा लावला आणि सवयीनं शेजारच्या सीटवरची पर्स उचलून त्यांच्यासाठी जागा केली. मामंजी त्या दाराशी आले. हँडलवर हात ठेवून जरा थांबले. मग तो हात त्यांनी काढला, मागचं दार उघडलं आणि मागे जाऊन बसले. त्या गाडीत ते मागे बसलेले सूनबाईंनी कधी पाहिले नव्हते.

"आरसा बघ," मागून आवाज आला.

सूनबाईंनी आरसा पाहिला. त्यात मामंजी दिसत होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसलेले. मग सूनबाईंनी हळूच क्लच सोडला.